संरक्षण खरेदीचे लेखापरीक्षण: बोफोर्स ते राफेल

नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजेच कॅग यांचे केंद्राविषयीचे अहवाल राज्यघटनेच्या कलम १५१ नुसार राष्ट्रपतींमार्फत संसदेपुढे ठेवले जातात. मार्च १९८६ मध्ये स्वीडनच्या बोफोर्स कंपनीशी सुमारे १,४३७ कोटी रुपयांचा तोफांचा करार झाला. संयुक्त संसदीय समितीला त्यात लाचखोरी आढळली नाही. मात्र जुलै १९८९ मध्ये कॅगच्या अहवालाने निवडप्रक्रियेतील त्रुटी उघड केल्या आणि विरोधी खासदारांनी लोकसभेचे सामूहिक राजीनामे दिले. फेब्रुवारी २०१९ मध्ये ३६ राफेल विमानांच्या खरेदीवरील अहवालात मात्र संरक्षण मंत्रालयाच्या आग्रहामुळे प्रत्यक्ष किमती झाकल्या गेल्या. तुलना केवळ टक्केवारीत दिली. लेखापरीक्षण करार रोखू शकत नाही. संसदेला आकडे दिसले, तरच त्याला जाब विचारण्याचे बळ मिळते.