ईशापूरच्या दोन रायफली
जुन्या शस्त्रांच्या संग्रहांत ‘थ्री नॉट थ्री’ या एकाच नांवाखालीं दोन भिन्न रायफली आम्हीं पाहिल्या आहेत. एक खरी ०.३०३ इंची ली-एन्फील्ड. दुसरी, १९६२ च्या चीन-युद्धानंतर ईशापूरच्याच कारखान्यांत त्या घाटावर घडविलेली ‘२ए’ किंवा ‘२ए१’. रूप एक, परंतु काडतुसें निराळीं. पहिलीच्या काडतुसाचें नळकांडें ५६ मिलिमीटर लांब व बुडाशीं कडा बाहेर आलेली, दुसरीचें ७.६२ मिलिमीटरचें म्हणवितें, त्याचें नळकांडें ५१, कडा बाहेर नाहीं, व दाब अधिक. ०.३०३ इंच म्हणजे सुमारें ७.७ मिलिमीटर, आंकडे जवळचे पाहून ‘चालेल’ म्हणणारे भेटतातच! वस्तुतः तो आंकडा नळीच्या पोकळीचा. गोळी त्याहून जाड, सुमारें ७.९. येथें नाम हें प्रमाण नव्हे.

२ए१ चें मॅगझीन चौकोनी, जुन्या रायफलीचें खालून तिरकें. दस्त्यापाशींच्या लोखंडी कड्यावर नमुना व साल कोरलेलें असतें. पण नकलकार जशी जुनी पुष्पिका सालासकट उतरून ठेवतो, तसें कडें मूळचें व नळी मागाहून बदललेली असूं शकते. म्हणून जाणत्या कारागिराकडून काडतुसाचें घर मोजवून घेतल्यावांचून बार काढूं नये. नळकांडें फाटल्यास तप्त वायु मागें, नेम धरणाराच्या डोळ्याकडे येतो.