दूध-पोळी, पिल्लू आणि मुडदूस

घरी नवे पिल्लू आले की पहिला प्रश्न पडतो, याला खायला काय द्यायचे? आपल्याकडे उत्तर बहुधा ठरलेले असते: दूध-पोळी नाहीतर दूध-भात. पिल्लू आवडीने खाते, पोट टम्म होते, आपल्यालाही बरे वाटते. पण केवळ अशा आहाराने पिल्लाच्या हाडांचे काय होते, हे शंभर वर्षांपूर्वीच कळले आहे. आणि तो शोध लागला माणसांच्या मुलांसाठी!

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या कारखानदारी शहरांत लहान मुलांना मुडदूस फार होई. हाडे मऊ पडत, पाय धनुष्यासारखे वाकत. कोणी कोंदट घरांना दोष देई, कोणी जंतुसंसर्गाला. लंडनमध्ये डॉ. एडवर्ड मेलन्बी यांनी कुत्र्याची पिल्ले घरात ठेवून त्यांना ओट्सची पेज, पाव, थोडे दूध असा आहार दिला. काही महिन्यांत पिल्लांना मुडदूस झाला. त्याच आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल घातले, तर तो होत नसे. १९१९ साली 'लॅन्सेट'मध्ये हे निष्कर्ष आले. १९२२ मध्ये अमेरिकेत मॅकॉलम यांनी दाखवले की, तेलातले 'अ' जीवनसत्त्व नष्ट केले तरी ते मुडदूस बरा करते. या वेगळ्या घटकाला 'ड' जीवनसत्त्व हे नाव मिळाले.

आता तुम्ही म्हणाल, आमचे पिल्लू तर रोज उन्हात खेळते. माणसाच्या कातडीत उन्हामुळे 'ड' जीवनसत्त्व तयार होते, कुत्र्याच्या कातडीत मात्र ते पुरेसे होत नाही. त्याला ते अन्नातूनच मिळावे लागते. शिवाय धान्यातले फायटेट कॅल्शियमला बांधून ठेवते. म्हणजे पोळी-भात जास्त आणि बाकी काही नाही, असे झाले की दुहेरी नुकसान.

मग कॅल्शियमचे टॉनिक सुरू करावे का? स्वतःच्या मनाने मुळीच नको. १९८० च्या दशकात नेदरलँड्समधील उट्रेख्ट येथे ग्रेट डेन पिल्लांना जास्त कॅल्शियम दिले गेले, तेव्हा त्यांच्या हाडांची वाढ बिघडलेली आढळली. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नीट अडवता येत नाही. मोठ्या जातींत हा धोका अधिक.

म्हणून पिल्लांसाठीच बनवलेला संपूर्ण आहार द्या; लॅब्रडॉर, जर्मन शेफर्ड असेल तर मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचा. घरचेच द्यायचे असल्यास अंडी, चिकन, भात यांचे प्रमाण पशुवैद्यांकडून ठरवून घ्या. पोट लहान आणि भूक मोठी, म्हणून तीन महिन्यांपर्यंत दिवसातून चार वेळा, सहा महिन्यांपर्यंत तीन वेळा आणि पुढे दोन वेळा खायला घाला. वेळा ठरलेल्या ठेवा. आहार बदलायचा तर आठवडाभरात हळूहळू बदला. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि मनुका मात्र कधीच नकोत.

पिल्लू लंगडू लागले, पाय वाकडे दिसले किंवा सांधे सुजल्यासारखे वाटले, तर 'मोठे झाल्यावर सरळ होतील' म्हणून थांबू नका, पशुवैद्यांना लगेच दाखवा. वाढ चालू आहे तोवर उपचारांचा सर्वांत जास्त उपयोग होतो. एकदा वाढ थांबली, की वाकलेले हाड नुसत्या आहाराने सरळ होत नाही.