रामदास बोटीचा घात व रेवसचे कोळी

बीड जिल्ह्यास समुद्र नाहीं. तथापि पाण्याचा कोप आम्हांस अपरिचित नाहीं. १९८९ सालीं बिंदुसरेच्या पुरानें बीड शहरांत जो हाहाकार उडविला, तो वडील मंडळींच्या स्मरणांत आहे. म्हणून कोंकणपट्टीवरील एक दुःखद वृत्तान्त येथें सादर करणें अप्रस्तुत होणार नाहीं.

ता. १७ जुलै १९४७, गुरुवार. स्वातंत्र्याचा दिवस अवघा २९ दिवसांवर आला होता. सकाळीं आठच्या सुमारास ‘रामदास’ ही आगबोट मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवस बंदराकडे निघाली. आषाढी अमावास्या जवळ आल्यामुळें गांवीं जाणाऱ्यांची गर्दी होती. पावसाळा ऐन भरांत होता. काश्याच्या खडकाजवळ एका प्रचंड लाटेच्या तडाख्यानें बोट एका अंगावर कलली. भेदरलेले उतारू एकाच बाजूस धांवले. तोल सांवरला नाहीं, व पाहतां पाहतां बोट उलटली. सहाशेंहून अधिक जीव गेले.

बोटीवर बिनतारी यंत्र नसल्यामुळें मुंबईस कित्येक तास कांहींच कळलें नाहीं. पोहून तीरास लागलेल्यांच्या तोंडूनच ही वार्ता शहरांत पोंचली.

परंतु त्याच खवळलेल्या समुद्रांत रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईकडे निघाले होते. बुडणारीं माणसें दिसतांच त्यांनीं जवळची मासळी पाण्यांत लोटून दिली, व रिकाम्या झालेल्या होड्यांत सुमारें ७५ जणांस ओढून घेतलें. ती मासळी म्हणजे त्यांच्या मुलांबाळांचें अन्न होतें. ती ठेवली असती, तर माणसांस जागा उरली नसती.

वाचकहो, ‘ईश्वराची इच्छा’ एवढें म्हणून हा विषय मिटविणें सोपें आहे. पण ह्यापूर्वीं, ता. ११ नोव्हेंबर १९२७ रोजीं, ‘जयंती’ व ‘तुकाराम’ ह्या दोन बोटी एकाच दिवशीं बुडाल्या होत्या. वादळ मनुष्याच्या हातीं नाहीं. संदेशयंत्र, तरण्याचीं साधनें व वेळीं दिलेला इशारा हीं त्याच्या हातीं आहेत. ह्यांत कसूर करून दोष ईश्वरावर टाकणें ही भक्ति नव्हे. आमचीं मुलें गोदावरीच्या घाटावर वा धरणावर जातात, तेव्हां त्यांस पोहणें शिकविणें, दोर जवळ ठेवणें व पुराच्या दिवशीं आडविणें, हें आमचेंच काम आहे. आणि प्रसंग आलाच, तर हातचें सोडून दुसऱ्यास जागा करून देण्याचा धडा रेवसच्या कोळ्यांनीं घालून दिलेला आहे.