राणीचं नाव आधी : नाणेघाटाची पाऊलवाट

मी सोलापूरच्या नवी पेठेत राहते आणि बचत गटांची समन्वयक म्हणून काम करते. बी.ए.ला माझा इतिहास विषय होता. आज तुम्हाला एका डोंगरवाटेचा इतिहास सांगणार आहे.

नवी पेठेत सकाळी दुकानं उघडली की कापडाचे गठ्ठे टेम्पोतून उतरताना दिसतात. ते बघून मला नेहमी वाटायचं, टेम्पो नव्हता, रेल्वे नव्हती, तेव्हा आपल्याकडचं कापड बाहेर कसं जात असेल? मधे तर एवढा सह्याद्री उभा आहे.

आपल्याकडचं कापड खरंच बाहेर जात होतं. बार्शीच्या पलीकडे, धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी तेर नावाचं गाव आहे. गोरोबाकाकांचं तेर म्हणून आपण ते ओळखतो. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचं नाव तगर होतं. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्याने समुद्री व्यापाराची माहिती लिहून ठेवली. त्याचं स्वतःचं नाव आज कुणाला माहीत नाही, पण तगर आणि पैठण ही नावं त्याच्या पुस्तकात आहेत. पैठणहून पूर्वेला दहा दिवस चाललं की तगर लागतं आणि तिथून जाडंभरडं कापड आणि मलमल गुजरातेतल्या भडोच बंदराला गाड्यांतून जाते, असं तो लिहितो. भडोच उत्तरेला राहिलं. पण दख्खनचा माल कोकणातल्या कल्याण आणि सोपारा या जवळच्या बंदरांना न्यायचा, तर सह्याद्रीचा कडा उतरण्याशिवाय इलाज नव्हता.

आपण सपाटीवरची माणसं. आपल्याकडे दिवसभर चाललं तरी क्षितिज तेवढंच लांब. सह्याद्रीत तसं नाही. देशावरून चालत गेलं की जमीन एकदम संपते आणि खाली कोकण दिसतं. मधे दऱ्या, घळी, दाट रान आणि पावसाळ्यात जागोजाग ओढे. अशा ठिकाणी वाट काढायची ती पाण्याच्या मागानेच. ओढ्याने जिथे कडा कापला, तिथून माणूस उतरला. कड्यातल्या अशा अरुंद, चिंचोळ्या उतरणीला तिकडे ‘नाळ’ म्हणतात. रायगडाच्या बाजूला बोराट्याची नाळ आहे. सुधागडाकडे उतरणाऱ्या एका वाटेचं तर नावच सवाष्णीचा घाट आहे. शब्द आपलेच आहेत. बाळाची नाळ आणि घाटाची नाळ, दोन्हींचं काम जोडण्याचंच.

या सगळ्या वाटांत मोठा नाणेघाट. वर पुणे जिल्ह्यातला जुन्नर तालुका, खाली ठाणे जिल्ह्यातला मुरबाड तालुका. गेल्या हिवाळ्यात आमच्या गटातल्या चौदा जणी तिथे गेलो होतो. जायच्या आधी घरोघरी एकच प्रश्न झाला, “डोंगरात काय ठेवलंय तुमचं?” तरी गेलो. सोलापूर ते जुन्नर एसटी, आणि तिथून जीपने घाटघरला.

घाटाच्या तोंडाशी एक भलामोठा दगडी रांजण आहे. खालून आलेले व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, असं सांगतात. नाण्यांवरूनच घाटाला नाव पडलं म्हणतात. बाजूला एक सुळक्यासारखा कडा पुढे आलेला आहे. त्याचं नाव नानाचा अंगठा. ते ऐकून आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, “ह्या डोंगराला बी सही येत न्हाई वाटतं. अंगठाच लावलाय!” आम्ही खूप हसलो. मावशी स्वतः गटाच्या वहीवर अंगठाच लावतात, आणि कर्जाचं काही असलं की म्हणतात, “माझं नाव कशाला, पोराचं लिवा.”

दोन कड्यांमधल्या घळीतून दगडी पायऱ्या उतरलं की डाव्या-उजव्या बाजूला खडकात कोरलेल्या गुहा आणि पाण्याची टाकी दिसतात. मोठ्या गुहेत बसायला दगडी कट्टे आहेत. चढून दमलेला माणूस इथे टेकायचा, पाणी प्यायचा. या गुहेच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख आहे. सातवाहन घराण्याची राणी नागनिका हिचा तो लेख, आजपासून सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. १८२८ मध्ये कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने त्याकडे लक्ष वेधलं आणि पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींसारख्या अभ्यासकांनी तो वाचायला घेतला.

नागनिका ही महारठी घराण्यातली मुलगी, राजा सातकर्णीची राणी. नवरा गेल्यावर मुलं लहान होती, तेव्हा राज्याचा कारभार तिने पाहिला, असं इतिहासकार मानतात. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आज मूर्ती गेल्या, थोडे पायांचे अवशेष राहिले. पण वर कोरलेली नावं आहेत. त्यात एका जागी लिहिलंय, देवी नायनिका आणि राजा श्री सातकर्णी. राणीचं नाव आधी, राजाचं नंतर.

आणि लेखात काय आहे? मैत्रिणींनो, हिशेब आहे! कोणते यज्ञ केले, त्यात काय दान दिलं, त्याची यादी. १,७०० गाई, १० हत्ती, एका ठिकाणी २४,४०० कार्षापण म्हणजे तेव्हाची नाणी. शून्य तेव्हा वापरात नव्हतं. दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हं होती. भारतात आकडे कसे लिहिले जाऊ लागले, हे शोधणारे अभ्यासक आजही या भिंतीकडे येतात. आपण दर महिन्याला गटाच्या वहीत जे करतो, तेच एका बाईने व्यापारी वाटेवर, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं दगडात करून ठेवलं.

मी हे सगळं मोठ्या उत्साहाने सांगत होते. मावशी कट्ट्यावर बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, “राणीकडं दगूड हुता, म्हणून तिचं नाव राहिलं. पर ह्या पायऱ्या कुणी केल्या? बोजा कुणी वाहिला?”

मला उत्तर देता आलं नाही. शतकानुशतकं या घाटांतून मीठ, धान्य, कापड गेलं ते बैलांच्या पाठीवरून आणि माणसांच्या डोक्यावरून. बैलांचे तांडे घेऊन लमाण बाया-माणसं मुलाबाळांसकट देशभर हिंडली. आपल्या जिल्ह्यात त्यांचे तांडे आजही आहेत. घाटमाथ्यावरच्या महादेव कोळी बायका आजही याच रानात हिरडा वेचतात. त्यांतल्या एकीचंही नाव भिंतीवर नाही.

पुढच्या काळातही हेच झालं. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली, पण बोरघाट फोडून मुंबई-पुणे लोहमार्ग जोडला गेला तो १८६३ मध्ये. त्या घाटाच्या कामाचा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आला आणि काही दिवसांतच वारला. त्याची बायको अॅलिस हिने ठेका सोडला नाही. जाणकार अभियंत्यांना हाताशी धरून तिने तो पुरा केला. तिचं नाव राहिलं. पण हजारो मजूर त्या घाटात राबले आणि पटकी-तापाने मेले, त्यांत कुटुंबासह आलेल्या, माती वाहणाऱ्या बायाही होत्या. त्यांची नावं गेली. रेल्वे झाली, लमाणांच्या बैलांचं काम गेलं आणि जुन्या घाटवाटा हळूहळू ओस पडल्या.

आता त्या वाटांवर पाठीला सॅक लावून तरुण मुलंमुली येतात. तुम्हीही जा. पावसाळ्यात तिथे वाऱ्याने धबधबा उलटा वर उडतो, पण निसरड्या कड्याच्या टोकाला जाऊ नका. आणि गुहेत स्वतःचं नाव कोरू नका. काही लोकांनी तसं करून ठेवलंय.

नाव लिहायला आपल्याकडे वही आहे. येत्या बैठकीत अर्धा तास काढा. गटातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा, तुम्ही माहेराहून सासरी कोणत्या वाटेने आलात, बाजाराला कुठून जायचात, ओढा कुठे ओलांडायचात, डोक्यावर काय असायचं. ते वहीच्या मागच्या पानांवर तिच्या नावासकट लिहा. हाही इतिहासच आहे.

आमच्या मावशींनी परतल्यावर नाव लिहायला शिकायला घेतलंय. मागच्या बैठकीत चार अक्षरं काढायला त्यांना पाच मिनिटं लागली. आम्ही सगळ्या थांबलो होतो. कर्जाच्या अर्जावर या वेळी पोराचं नाव नाही.