वॉटसनचे लोखंडी हॉटेल

गगनचुंबी इमारतींचा इतिहास शिकागोपासून सांगण्याची प्रथा आहे. तेथे १८८५ साली विल्यम जेनी या स्थापत्यविशारदाने दहा मजल्यांची इमारत धातूच्या सांगाड्यावर उभारली, आणि घराचा भार भिंतींनीच वाहावा हा पुरातन नियम ढिला झाला. नियम खर्चिक होता. त्याच शहरात १८९१ साली विटांच्या भिंतींवर सोळा मजले चढविले, तेव्हा तळाच्या भिंती सहा फूट जाड ठेवाव्या लागल्या. जितके उंच जावे तितकी खालची जागा भिंतीच गिळणार! सांगाडा आला आणि भिंत पडद्यापुरती उरली.

परंतु ही युक्ती मुंबईत त्याआधीच पोचली होती. काळ्या घोड्याजवळची वॉटसन हॉटेलची पाच मजली इमारत हा तिचा पुरावा होय. जॉन वॉटसन हा कापडाचा इंग्रज व्यापारी. आराखडा रोलंड ऑर्डिश या अभियंत्याचा. लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनच्या भव्य छपराच्या रचनेत याच ऑर्डिशचा हात होता. खांब आणि तुळया इंग्लंडात ओतवून जहाजाने मुंबईस आणल्या आणि येथे जोडल्या. १८७१ साली हॉटेल सुरू झाले. आजच्या मापाने पाच मजले म्हणजे काहीच नाही. पण उंच इमारतीचे मर्म उंचीत नसून सांगाड्यात आहे, असे मी मानतो.

मुहूर्त मात्र अचूक साधला. मुंबईच्या किल्ल्याचा तट नुकताच पडला होता, १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालवा खुला झाला, आणि ७ मार्च १८७० रोजी मुंबईकडून येणारा आणि कलकत्त्याकडून येणारा असे दोन्ही लोहमार्ग जबलपुरास एकत्र आले. आमच्या सिव्हिल लाइन्सला लागूनच जे स्टेशन आहे, तेथे हा सांधा जुळला. बोटीतून उतरलेल्या साहेबाला कलकत्त्याच्या गाडीत बसण्यापूर्वी चार दिवस मुक्काम हवाच. तेव्हा त्या हॉटेलच्या भरभराटीचा एक धागा आम्हा नर्मदाकाठच्या लोकांपर्यंत येतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८९६ साली मार्क ट्वेन तेथे उतरला आणि मुंबईच्या आगाऊ कावळ्यांवर त्याने मनसोक्त लिहिले. त्याच वर्षी ७ जुलैला ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे तेथे दाखविली गेली. हिंदुस्थानातला चित्रपटाचा तो पहिला खेळ. जमशेटजी टाटांना या हॉटेलात मज्जाव झाला म्हणून १९०३ साली ‘ताज’ उभे राहिले, ही कथा सर्वतोमुखी आहे. इतिहासकार तिला आख्यायिका म्हणतात. पण लोकांना ती खरी वाटावी असाच त्या जागेचा गोऱ्यांपुरता डौल होता.

पुढे हॉटेल ओसरले. १९६० च्या दशकानंतर ‘एस्प्लनेड मॅन्शन’ या नावाने तेथे बिऱ्हाडे, दुकाने आणि, हायकोर्ट जवळच असल्याने, वकिलांच्या कचेऱ्या गजबजल्या. भार सांगाड्यावर असल्याने मधल्या भिंती हव्या तशा घालता येतात. जो गुण तो वैभवाचा पाया, त्यानेच खोल्यांचे तुकडे पाडणेही सोपे केले. त्यात जुन्या कायद्याने भाडी गोठलेली. मालकाला दुरुस्ती परवडेना, भाडेकरूला जागा सोडवेना. लोखंडाला तर निगा लागते, आणि समुद्र जवळ.

२००५ च्या जुलैमध्ये सज्जाचा भाग कोसळून एकाचा बळी गेला. २०१९ मध्ये आय.आय.टी.च्या तज्ज्ञांनी इमारत पाडावी असे सुचविले. भाडेकरूंना बाहेर काढण्यात आले, आणि वास्तुरक्षकांनी या सल्ल्यास विरोध केला. राहणाऱ्यांचा जीव आधी, यात वाद नाही. तरी पाडण्याची घाई मला पटत नाही. ही इमारत मुळातच तुकडे जोडून उभारलेली आहे. गंजलेला खांब उतरवून त्याच्या जागी नवा ओतून बसविणे कष्टाचे असेल, अशक्य नाही.