शॉकअप नेमका 'जातो' कधी?

हेडफोन लावलेत? चला मग.

मागच्या वर्षी पावसाळा संपल्यावर आम्ही चौघं मित्राच्या जुन्या फोर-बाय-फोरमधून वेल्ह्याकडच्या एका कच्च्या रस्त्याने उतरत होतो. वेग चाळीसच्या आत. एका वळणावर खडीच्या बारीक लाटा उठल्या होत्या. गाडी त्यावर आली आणि मागचा भाग सरळ दरीच्या बाजूला सरकला, जणू खाली कुणी तेल ओतलंय. कशीबशी थांबली. सगळे खाली उतरलो. पाय लटपटत होते, आणि मित्र म्हणतोय, "अरे, पण काल तर ठीक होती!"

आजचा एपिसोड या "काल तर ठीक होती"वर आहे. शॉकअप एका दिवसात जात नाही. तो महिनोन् महिने थोडा थोडा जातो आणि आपण तेवढंच थोडं थोडं त्याला सरावतो. मजा म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या ड्रायव्हरला हे आपल्यापेक्षा लवकर कळायचं! ते कसं, ते सांगतो.

आधी एक गैरसमज काढून टाकू. शॉक अ‍ॅब्सॉर्बर हे नावच चुकीचं आहे. खड्ड्याचा धक्का झेलतात ते पाटे किंवा स्प्रिंग. पण झेलल्यावर स्प्रिंग गप्प बसत नाही, वरखाली नाचत राहते. तो नाच थांबवायचा, त्यातली ऊर्जा उष्णतेत बदलून हवेत सोडून द्यायची, हे शॉकअपचं काम. ब्रिटिश इंजिनिअर म्हणूनच त्याला डॅम्पर म्हणतात. आणि हो, गाडी मागून बसलेली दिसते म्हणून शॉकअप बदलायला निघाला असाल तर थांबा. वजन उचलणं पाट्यांचं काम आहे, पाटे बघा.

आता इतिहास. घोडागाडीच्या काळात वेगळ्या शॉकअपची फारशी गरजच नव्हती. वेग कमी, आणि एकावर एक रचलेले पाटे एकमेकांवर घासूनच नाच बराचसा थांबायचा. मोटार आली, वेग वाढला आणि गाड्या चेंडूसारख्या उडायला लागल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ट्रुफो नावाच्या फ्रेंच माणसाने यावर तोड काढली. दोन दांडे कात्रीसारखे जोडायचे, मध्ये चामड्याच्या चकत्या घालायच्या आणि नट आवळायचा. चाक हललं की चकत्या घासणार. एडवर्ड हार्टफर्ड या अमेरिकन माणसाने हीच कल्पना १९०४च्या सुमारास अमेरिकेत नेली आणि 'हार्टफर्ड' हे नावच या वस्तूला चिकटलं.

यात एक गोष्ट फार सुंदर होती, ती म्हणजे तो नट. चकत्या झिजल्या, गाडी डुलायला लागली की ड्रायव्हर पाना घेऊन खाली उतरायचा आणि नट आवळायचा. पुढे १९३०च्या दशकात काही ब्रिटिश स्पोर्ट्‌स गाड्यांमध्ये 'टेलिकंट्रोल' आलं. त्यात तर सीटवर बसल्या बसल्या डॅशबोर्डवरची मूठ फिरवून शॉकअप कडक करता यायचा. म्हणजे झीज ड्रायव्हरच्या हाताला कळत होती. आज नट किती फिरवावा लागला यावरून चकत्यांचं किती आयुष्य उरलंय याचा अंदाज यायचा.

पण घर्षणाची एक खोड आहे. लहान खड्ड्यात चकत्या जागच्या हलतच नाहीत, त्यामुळे हादरा थेट पाठीत बसतो. आणि मोठ्या खड्ड्यात, जिथे जोर हवा, तिथे त्या सहज घसरतात. तेलाचं उलटं असतं. बारीक छिद्रातून तेल जितक्या वेगाने ढकलाल तितका ते जास्त विरोध करतं. मॉरिस हूदाय या फ्रेंच माणसाने तेलाचे शॉकअप बनवले, आणि त्याच्या नावाचे शॉकअप फोर्डच्या १९२८च्या मॉडेल ए गाडीवर चारही चाकांना बसले. मग आज आपण बघतो तशी, एकात एक सरकणारी नळी आली. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्डने मिळून सहा लाखांहून जास्त जीप बनवल्या, त्यांच्या पाट्यांसोबत हीच नळी होती.

तीच जीप १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत, माझगावला जुळवली जाऊ लागली. महिंद्राच्या गाड्यांची सुरुवात तिथली. पुढे १९६१मध्ये गॅब्रिएल इंडिया स्थापन झाली आणि मुलुंडच्या कारखान्यात शॉकअप बनू लागले. तुमच्या आजोबांनी जीप चालवली असेल तर 'गॅब्रिएल' हे नाव त्यांना विचारून बघा.

नळी घर्षणाच्या चकत्यांपेक्षा सरस होती, यात वाद नाही. पण ती बंद होती. नट गेला आणि त्याबरोबर आत काय चाललंय हे कळायची सोयही गेली.

आता कच्च्या रस्त्याकडे या. खडीच्या रस्त्यावर पत्र्याच्या छपरासारख्या लाटा उठतात, त्या पाहिल्या असतील. समजा दोन लाटांमध्ये सत्तर सेंटिमीटर अंतर आहे आणि तुम्ही ताशी ५० किलोमीटरने जाताय. म्हणजे शॉकअपचा दट्ट्या सेकंदाला सुमारे वीस वेळा वरखाली होतोय! तेल तापतं, पातळ होतं. त्यात हवा मिसळली की फेस होतो, आणि फेसाला विरोध कसला करता येणार? गाडी अचानक सैल वाटते. पार्क करून चहा प्यायलात की शॉकअप गार होतो आणि गाडी पुन्हा ठीक! इथेच बरेच जण फसतात.

फेसावर उपाय शोधला बुर्सिए द कार्बों या फ्रेंच इंजिनिअरने. (होय, पुन्हा फ्रेंच. त्यांचे रस्ते तेव्हा कसे असतील, कल्पना करा.) त्याने नळीत एक तरंगती चकती टाकली. एका बाजूला तेल, दुसऱ्या बाजूला दाबाखालचा नायट्रोजन. बिलस्टाइन या जर्मन कंपनीने ती कल्पना घेतली आणि १९५७मध्ये असे शॉकअप मर्सिडीझवर दिसू लागले. मेक्सिकोत १९६७पासून सुरू झालेल्या बाहाच्या वाळवंटी शर्यतीत तर लोक एकेका चाकाला दोन-दोन शॉकअप लावू लागले. नंतर तेलाची जादा टाकी नळीबाहेर आली, कारण जास्त तेल म्हणजे तापायला जास्त वेळ.

मग आपल्याला कसं कळणार? सगळ्यांना माहीत असलेली युक्ती म्हणजे बोनेट दाबून सोडायचं. गाडी एकदा वर येऊन थांबली तर ठीक, दोन-तीनदा डुलली तर शॉकअप गेला. डुलली तर उत्तर पक्कं समजा. पण नाही डुलली म्हणून निर्धास्त होऊ नका. हाताने आपण हळू दाबतो, शॉकअप गार असतो, आणि जाड पाट्यांची गाडी तर हाताने नीट दबतसुद्धा नाही.

त्यापेक्षा गाडीखाली वाका. नळीवर पुसट ओलसरपणा चालतो. पण ओघळ दिसला, किंवा तेलावर धूळ बसून काळा चिखल झाला असेल, तर सील गेलंय. नळीला पोचा आहे का, दांडा वाकलाय का, बुशचं रबर फाटलंय का तेही बघा. खडखड आवाज बऱ्याचदा बुशचाच असतो आणि तो स्वस्तात भागतो. टायरवरून तळवा फिरवा. थोड्या थोड्या अंतरावर खळगे लागले तर चाक रस्त्यावर नाचतंय, अर्थात ते नीट बॅलन्स केलेलं असेल तर. साधारण ८० हजार किलोमीटरचा आकडा कंपन्या सांगतात, पण तो डांबरी रस्त्याचा हिशेब आहे. दर शनिवार-रविवार दगडधोंड्यांत जात असाल तर तो विसरा. आणि बदलाल तेव्हा एका अ‍ॅक्सलचे दोन्ही बदला. एक नवा, एक जुना असेल तर वळणावर गाडी दोन्हीकडे वेगळी वागते.

आमच्या गाडीचं काय झालं? आम्ही हळूहळू खाली आलो आणि गावातल्या गॅरेजवाल्या काकांना गाठलं. त्यांनी बोनेट दाबलं नाही की काही विचारलं नाही. चारी चाकांजवळ बसून प्रत्येक शॉकअपला बोटाची मागची बाजू क्षणभर लावली. खराब रस्त्यावरून आलेला शॉकअप काम करत असेल तर गरम असायलाच हवा, उष्णता बनवणं हेच तर त्याचं काम. पुढचे दोन्ही चटका देत होते. मागचा उजवा कोमट.

मागचा डावा, दरीकडचा, गार होता.