लॅसिकमध्ये कॉर्नियाचा पापुद्रा कसा सुटा करतात?

चष्म्याचा नंबर घालवण्यासाठी लॅसिकमध्ये कॉर्नियाला, म्हणजे डोळ्याच्या पारदर्शक पडद्याला, नवा आकार देतात. साधारण अर्धा मिलिमीटर जाडीच्या या पडद्याचा सुमारे १०० ते १२० मायक्रॉनचा पापुद्रा आधी उचलावा लागतो. मायक्रोकेराटोम यंत्रात तो पात्याने कापला जातो. फेमटोसेकंद लेसरमध्ये पाते नसते. त्याचे स्पंद ऊतीत सूक्ष्म बुडबुड्यांचा थर तयार करतात. बुडबुड्यांमध्ये उरलेले ऊतीचे धागे सर्जन बोथट स्पॅच्युलाने हलकेच सोडवतात. पापुद्रा एका कडेला बिजागरीसारखा जोडलेला राहतो. एक्सायमर लेसरने आतल्या थराला आकार दिल्यावर तो टाक्यांशिवाय जागेवर बसवतात. मात्र तो पूर्वीइतका घट्ट जुळत नाही. म्हणूनच नंतर डोळे चोळणे टाळावे लागते.